अर्ध्या शटरांचा मॉल : एक परीक्षण

घाटकोपर ते मुलुंड चेकनाका या पट्ट्यात लालबहादूर शास्त्री (एलबीएस) मार्गाच्या कडेने गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे मॉल उभे राहिले, त्यांतल्या एका जुन्या मॉलचे हे परीक्षण आहे. मॉलचे नाव मुद्दाम देत नाही. तिथे आजही काही दुकानदार रोज सकाळी शटर वर करून बसतात, आणि आधीच रोडावलेल्या गिऱ्हाइकाला न येण्याचे आणखी एक कारण पुरवून त्यांच्या पोटावर पाय आणण्याची माझी इच्छा नाही. शिवाय या मॉलची जी अवस्था आहे, तीच थोड्याफार फरकाने मुंबईच्या उपनगरांत, ठाण्यात आणि पुण्यात अनेक ठिकाणी आढळेल, त्यामुळे एखाद्या वाचकाला यात आपल्या घराजवळचा मॉल दिसला तर त्याने तो योगायोग समजू नये.

निर्णय आधीच सांगून टाकतो. वेळ घालवण्यासाठी किंवा पाहुण्यांना फिरवण्यासाठी या मॉलमध्ये जाण्यात काही अर्थ उरलेला नाही. मात्र तीन-चार ठरावीक कामांसाठी तो आजही परिसरातल्या कोणत्याही चकचकीत मॉलपेक्षा सरस आहे, आणि ही कामे कोणती ते पुढे येईलच.

प्रवेशद्वारावर मेटल डिटेक्टरची चौकट आहे. तिच्यातून कोणीही गेले तरी ती वाजत नाही आणि शेजारी खुर्ची टाकून बसलेल्या वॉचमनलाही तिने वाजावे अशी अपेक्षा दिसत नाही. आत शिरताच डाव्या हाताला दुकानांची यादी असलेला मोठा फलक लागतो. त्यावरची बहुतेक नावे आता मॉलमध्ये नाहीत, काही तर कंपनी म्हणूनही उरलेली नाहीत, त्यामुळे नवख्या माणसाने या फलकाकडे न पाहता थेट वॉचमनलाच विचारावे. वर जाणारा सरकता जिना चालू असतो आणि खाली येणारा बंद, कारण खाली उतरायला माणसाला यंत्र लागत नाही असा हिशेब व्यवस्थापनाने केलेला असावा. गुडघ्यांची तक्रार असलेल्या ज्येष्ठांना हा हिशेब नेमका उलटा पडतो, हे कोणीतरी त्यांना सांगायला हवे. दोनपैकी एक लिफ्ट चालते. स्वच्छतागृह तळमजल्यावरचेच वापरावे, वरच्या मजल्यावरच्यांना कुलपे आहेत आणि किल्ली कोणाकडे असते यावर मजल्यामजल्यावर वेगवेगळी उत्तरे मिळतात. पार्किंगला जागा भरपूर आहे, फक्त पावसाळ्यात तळघराच्या खालच्या पातळीवर गाडी नेऊ नये.

एसीबद्दल एका दुकानदाराला विचारले. ‘‘काका, एसी बंद पडलाय का?’’ त्यांनी टेबलपंख्याची मान माझ्याकडे वळवली आणि म्हणाले, ‘‘बंद नाही पडला, बंद ठेवलाय. दिवाळीत लावतात चार दिवस.’’

दुकानांकडे वळायचे तर आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. या मॉलमध्ये रस्त्याकडे तोंड असलेले जे गाळे आहेत, म्हणजे औषधांचे दुकान, एटीएम, मोबाइलचे दुकान, मिठाई-फरसाणवाला, ते सगळे व्यवस्थित चालतात, कारण त्यांना फुटपाथवरून थेट पायरी आहे आणि मॉल असला-नसला तरी त्यांचे काही अडत नाही. मॉलच्या पोटात तोंड असलेले गाळे मात्र ओळीने बंद आहेत. अशा दोन बंद शटरांच्या मधोमध एखादे दुकान उघडे दिसते, आणि त्यात जे चालते ते आता मॉलचे दुकान राहिलेले नाही, ते गल्लीतले दुकान झाले आहे. शाळेचे गणवेश, इमिटेशन दागिने, घड्याळदुरुस्ती, झेरॉक्स-लॅमिनेशन, साडीला फॉल-पिको, ब्लाउजची शिलाई अशी ही दुकाने आहेत.

फॉल-पिकोचे दुकान पहिल्या मजल्यावर, पूर्वी जिथे एका परदेशी बुटांच्या ब्रँडची शाखा होती त्या गाळ्याच्या अर्ध्या भागात आहे. भिंतीवर त्या ब्रँडच्या काचेच्या मांडण्या अजून तशाच आहेत. बूट ठेवण्यासाठी केलेल्या, आतून दिवे लावलेल्या त्या तिरप्या फळ्यांवर आता फॉलचे रंगवार गठ्ठे लावलेले आहेत, आणि एखाद्या साडीला जुळणारा रंग शोधताना ताई तो दिवा लावून दाखवतात. मोरपंखी आणि रामा यांतला फरक ट्यूबलाइटच्या उजेडात कळत नाही, या दिव्यात स्वच्छ कळतो. काम वेळेवर होते, टाके बारीक असतात, दर बाजारातल्यापेक्षा किंचित कमी आहे. भाडे इतके कसे परवडते, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले की मालक दुबईला असतो, मेन्टेनन्स भरा आणि गाळा उघडा ठेवा एवढीच त्याची अट आहे, कारण बंद गाळ्यात वाळवी लागते. या एका वाक्यात या मॉलची निम्मी कहाणी आली.

उरलेली निम्मी समजायला थोडे मागे जावे लागते. मुंबईच्या उपनगरात मोठ्या दुकानाची सुरुवात 1991 साली अंधेरीत शॉपर्स स्टॉपने केली, आणि 1999 मध्ये हाजीअलीजवळ क्रॉसरोड्स उघडला तेव्हा सुरुवातीला तिथे मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड नसलेल्या माणसाकडून 60 रुपये प्रवेशशुल्क घेतले जाई, इतकी त्या काळी मॉल ही वस्तू दुर्मिळ होती. 2001 मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना करमणूक करात सवलत दिली आणि त्यानंतर चित्रपटगृह डोक्यावर घेतलेल्या मॉलची लाट आली. एलबीएस मार्गाच्या दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या मोठमोठ्या जमिनी होत्या, कारखाने एकेक करून बंद पडत होते किंवा शहराबाहेर जात होते, आणि त्या जमिनींवर मॉल व टॉवर अशी जोडी उभी राहू लागली. मुलुंडचा निर्मल लाइफस्टाइल हा खुल्या आवाराचा मॉल त्या पहिल्या लाटेतला, आणि संध्याकाळी तिथे ठाण्याहून माणसे येत असत हे या भागातल्या चाळिशीपुढच्या कोणालाही आठवत असेल.

याच लाटेत बांधकाम व्यावसायिकांपुढे दोन मार्ग होते. पहिला मार्ग म्हणजे संपूर्ण मॉल स्वतःच्या मालकीचा ठेवून गाळे भाड्याने द्यायचे. त्यात ठरावीक किमान भाडे आणि दुकानाच्या विक्रीतला टक्का असे दुहेरी उत्पन्न असते, त्यामुळे मालकाला प्रत्येक दुकानात काय खपते याची खबर असते, न चालणारे दुकान मुदत संपताच बदलता येते आणि दहा वर्षांनी फरश्या, दिवे, स्वच्छतागृहे नव्याने करण्यात त्याचा स्वतःचा फायदा असतो. दुसरा मार्ग फ्लॅटसारखे गाळे विकून टाकण्याचा होता. त्यात पैसा लगेच हातात येतो आणि बँकेचे कर्ज फिटते, म्हणून हात आखडलेल्या बिल्डरांनी तो पत्करला. आपला मॉल या दुसऱ्या वाटेने गेलेला आहे.

गाळे घेणारे बहुतेक दुकानदार नव्हतेच. कोणी निवृत्तीची पुंजी गुंतवली होती, कोणी परदेशातून पैसे पाठवले होते, कोणी मुलाच्या नावावर ‘कमर्शियल प्रॉपर्टी’ असावी म्हणून घेतला होता. सुपर बिल्ट-अपच्या, म्हणजे जिने-मार्गिकांचा वाटा धरून केलेल्या, हिशेबात दोनशे चौरस फूट म्हणून विकलेल्या गाळ्यात प्रत्यक्षात एक काउंटर, दोन खुर्च्या आणि उभा राहिलेला एक गिऱ्हाईक मावतो, हे त्यांच्यापैकी अनेकांना ताबा मिळाल्यावर कळले. मोठ्या ब्रँडला लागते दोन-चार हजार चौरस फुटांची सलग जागा, आणि ती या मॉलमध्ये करायची म्हणजे दहा-वीस मालकांना एकाच भाड्यावर, एकाच मुदतीवर आणि एकाच दिवशी राजी करायचे. हे एकदाही जमले नाही. उलट शेजारीशेजारी मोबाइल कव्हरची पाच दुकाने लागली, कारण कोणत्या गाळ्यात काय असावे हे ठरवण्याचा अधिकार कोणालाच नव्हता.

ऑनलाइन खरेदीने मॉल बुडवले असे सर्रास म्हटले जाते. ते मला पटत नाही. ऑनलाइन खरेदी जर हे दुखणे असते तर मालाडचा 2004 मधला इनऑर्बिट, घाटकोपरचा 2009 मधला आर सिटी, कुर्ल्याचा 2011 मधला फिनिक्स मार्केटसिटी आणि ठाण्याचा 2013 मधला विवियाना इथे शनिवारी संध्याकाळी गाडी लावायला रांग लागली नसती. मे 2023 मध्ये तर नेक्सस सिलेक्ट ट्रस्ट या नावाने मॉलच्या भाड्यांवर चालणारा देशातला पहिला आरईआयटी, म्हणजे इमारतींचे भाडे गुंतवणूकदारांत वाटणारा ट्रस्ट, शेअर बाजारात नोंदला गेला, आणि त्याच्या मॉलमध्ये नवी मुंबईतल्या रेल्वे स्थानकावर बांधलेला सीवूड्सचा मॉलही आहे. एकाच शहरात, एकाच ऑनलाइन बाजाराच्या छायेत, काही मॉलचे भाडे शेअर बाजारात विकले जाते आणि काहींचे गाळे वाळवीच्या भीतीने फुकट वापरायला दिले जातात, याचा अर्थ फरक गिऱ्हाइकात नाही, मालकीच्या रचनेत आहे. मुलुंडच्या गिऱ्हाइकाला घाटकोपर आणि ठाणे अशा दोन्ही दिशांना चांगला पर्याय मिळाला, आणि तुलना सुरू होताच आपला मॉल त्यात टिकू शकला नाही, कारण टिकण्यासाठी जो खर्च करायचा तो कोणी करायचा हाच प्रश्न कधी सुटला नाही.

एसीचेच उदाहरण घेऊ. अशा इमारतीत गच्चीवरच्या चिलर प्लांटमधून थंड पाणी सगळ्या मजल्यांवर फिरवले जाते. पूर्ण भरलेल्या मॉलसाठी बसवलेला हा प्लांट सहा दुकानांसाठी चालवायचा म्हटले तरी पंप, कूलिंग टॉवर आणि पंखे यांची वीज बऱ्याच अंशी तशीच लागते, त्यामुळे प्रत्येक चालू दुकानाच्या वाट्याला येणारा मेन्टेनन्स वाढत जातो. बंद गाळ्याचा मालक म्हणतो, माझा गाळा बंद आहे, मी एसीचे पैसे का भरू? त्याची थकबाकी साचते, महावितरणचे सामाईक बिल थकते, आणि एका उन्हाळ्यात व्यवस्थापन एसी बंद करण्याचा निर्णय घेते. मे महिन्यात आतली हवा बाहेरच्या रस्त्यापेक्षा जड होते आणि ज्यांचे दुकान बरे चालले होते तेही गाशा गुंडाळतात. आता थकबाकी आणखी वाढते. या चक्रात कोणीही लबाड नाही, प्रत्येक जण आपल्यापुरते बरोबर बोलतो आहे, आणि म्हणूनच ते थांबवणे अवघड आहे.

बाहेरून बसलेले धक्के वेगळेच. या मॉलचा तळमजल्यावरचा मोठा आधार होता बिग बझार. फेब्रुवारी 2022 च्या अखेरीस बिग बझार चालवणाऱ्या फ्यूचर रिटेलच्या दुकानांचा ताबा रिलायन्सकडे गेला आणि देशभरातल्या असंख्य मॉलमधली ती भलीमोठी जागा अचानक अंधारात गेली. काही ठिकाणी तिथे रिलायन्सचे स्मार्ट बझार उघडले, इथे उघडले नाही. त्याआधी कोविडमध्ये राज्यातले मॉल दोनदा दीर्घकाळ बंद राहिले होते, आणि 15 ऑगस्ट 2021 पासून लसीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांसाठी ते पुन्हा उघडले तेव्हा इथल्या कित्येक शटरांची कुलपे तशीच राहिली. मल्टिप्लेक्सही गेले. पीव्हीआर आणि आयनॉक्स यांच्या विलीनीकरणानंतर मे 2023 मध्ये त्या कंपनीने तोट्यातले सुमारे 50 पडदे बंद करण्याचे जाहीर केले, आणि त्यांत आयुष्य संपत आलेल्या मॉलमधले पडदे असल्याचे स्पष्ट सांगितले. इथले चित्रपटगृह कोणत्या साखळीचे होते हा प्रश्न गौण आहे. तिसऱ्या मजल्यावर जाणारे गिऱ्हाईक चित्रपटामुळेच वर जात होते, आणि ते थांबल्यावर फूड कोर्टसाठी वर येण्याचे कारणच उरले नाही. त्यात मेट्रो 4 च्या कामासाठी एलबीएस मार्गावर गेली काही वर्षे जे पत्रे आणि खांब उभे आहेत, त्यांनी रस्त्यावरून दिसणारा मॉलचा दर्शनी भागही झाकला. मेट्रो सुरू झाल्यावर स्थानकाचा फायदा मॉलला होईल असे गाळेधारक एकमेकांना सांगतात. मला वाटते, फायदा होईल तो जमिनीच्या भावाला.

फूड कोर्टमध्ये एकच काउंटर चालू आहे आणि तो उत्तम आहे. तिघी महिला मिळून पोळी-भाजीचे केंद्र चालवतात, दुपारी साडेबारा ते तीन या वेळेत. दुसऱ्या मजल्यावर आता कोचिंग क्लास, दंतवैद्य आणि जिम आहेत, तिथले शिक्षक, मदतनीस आणि खालच्या बँकेतले कर्मचारी हे या केंद्राचे रोजचे गिऱ्हाईक. घडीच्या पोळ्या समोर तव्यावर होतात, भाजी रोज वेगळी असते आणि ज्या गुरुवारी वालाचे बिरडे असते त्या दिवशी दीडच्या आत न पोहोचल्यास मिळत नाही. शंभर खुर्च्यांपैकी दहा खुर्च्या भरलेल्या असतात, बाकीच्या साखळीने बांधून भिंतीशी रचल्या आहेत. मी या परीक्षणात कुठे मनापासून शिफारस करत असेन तर ती इथे.

नाइट फ्रँक या सल्लागार संस्थेच्या 2024 च्या अहवालाने चाळीस टक्क्यांहून अधिक जागा रिकामी असलेल्या खरेदी केंद्रांना ‘घोस्ट’ म्हटले आणि 2023 मध्ये देशाच्या आठ मोठ्या शहरांत अशी 64 केंद्रे मोजली, आदल्या वर्षी ती 57 होती. या केंद्रांतली एकूण जागा 1 कोटी 33 लाख चौरस फूट होते. या व्याख्येत आपला मॉल सहज बसेल, पण पहिल्या मजल्यावर शाळा उघडण्याच्या आठवड्यात गणवेशासाठी लागलेली पालकांची रांग पाहिली तर भुताटकीची उपमा कोणी देणार नाही.

सुरक्षिततेचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. याच रस्त्यावर, भांडूपच्या ड्रीम्स मॉलमध्ये 25 मार्च 2021 च्या रात्री आग लागली आणि त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या सनराइज रुग्णालयात कोविडसाठी दाखल असलेल्या रुग्णांचे प्राण गेले. तोही सुटे गाळे विकलेला मॉल होता आणि त्याचा कारभार न्यायाधिकरणाने नेमलेल्या प्रशासकाकडे होता. जिथे सामाईक देखभालीला पैसा नसतो तिथे आधी एसी जातो, मग दिवे, मग लिफ्ट, आणि सगळ्यात न दिसणारी वस्तू म्हणून आगीची पंप-यंत्रणा कधी गेली ते कळतही नाही. रिकाम्या मजल्यांवर रुग्णालये, क्लास आणि जिम आणण्याचा जो मार्ग आज सगळीकडे सुचवला जातो, त्याची ही दुसरी बाजू आहे. खरेदीसाठी आलेला माणूस धूर दिसताच पळू शकतो, खाटेवरचा रुग्ण पळू शकत नाही. आपल्या मॉलमध्ये मागच्या जिन्यावर बंद पडलेल्या दुकानांचे पुतळे, फळ्या आणि काचेची कपाटे रचलेली आहेत. हा जिना रिकामा करायला एक टेम्पो आणि एक रविवार पुरेल, तरी तो तसाच आहे.

भवितव्याबद्दल मॉलमध्ये दोन मते ऐकायला मिळतात. बंद गाळ्यांच्या मालकांना वाटते की एखादा मोठा बिल्डर येईल, मॉल पाडून टॉवर बांधेल आणि आपल्याला नव्या इमारतीत मोबदला मिळेल. चालू दुकानदारांना, त्यातही भाडेकरूंना, नेमकी याचीच धास्ती आहे, कारण मोबदला मालकाला मिळतो आणि पंधरा वर्षे जमवलेले गिऱ्हाईक पुनर्विकासाच्या तीन-चार वर्षांत पांगते. निवासी सोसायट्यांच्या पुनर्विकासासाठी 2019 च्या शासन निर्णयाने 51 टक्के सभासदांची संमती पुरेशी ठरवली. इथे अडचण टक्क्यांच्या कितीतरी अलीकडे आहे. कित्येक गाळेधारकांचा पत्ताच कोणाकडे नाही, काही गाळे बँकांकडे जप्त आहेत, काहींच्या वारसांत वाद आहेत, आणि चित्रपटगृह व बिग बझारची मोठी जागा वेगळ्याच मालकीची आहे. सभा बोलावली तर गणपूर्ती होत नाही. रस्त्यालगतचा औषधवाला आणि मिठाईवाला तर कोणत्याच बदलाच्या बाजूने नाहीत, त्यांचे उत्तम चालले आहे. माझा अंदाज असा की पुढची आठ-दहा वर्षे हा मॉल असाच राहील, तळमजला रस्त्याचा, पहिला मजला गल्लीचा, दुसरा क्लासवाल्यांचा आणि त्यावर कबुतरांचा.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना. गणवेश, फॉल-पिको, घड्याळदुरुस्ती आणि दुपारचे जेवण या कामांसाठी जरूर जावे, कामाच्या दिवशी आणि उजेडात जावे. रविवारी दुपारनंतर निम्मी चालू दुकानेही बंद असतात. रोख पैसे जवळ ठेवावेत, कारण आतल्या भागात मोबाइलला रेंज मिळत नाही आणि यूपीआय फिरत बसते. लहान मुलांना बंद सरकत्या जिन्यावर खेळू देऊ नये.

काचांवर ‘गाळा विकणे आहे’ असे कागद जागोजागी चिकटवलेले दिसतात आणि सांगितली जाणारी किंमत पंधरा वर्षांपूर्वीच्या खरेदीपेक्षा खाली असल्याने मोह होणे स्वाभाविक आहे. पुनर्विकासाच्या आशेवर घेणाऱ्याने निदान तीन कागद मागावेत: भोगवटा प्रमाणपत्र, त्या गाळ्याच्या मेन्टेनन्सची आणि वीजबिलाची थकबाकी नसल्याचा व्यवस्थापनाचा लेखी दाखला, आणि महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार दर वर्षी जानेवारीत व जुलैत अग्निशमन दलाला द्यावा लागणारा ‘फॉर्म बी’, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला. मी व्यवस्थापनाच्या कार्यालयात तिसरा मागितला तेव्हा तिथल्या गृहस्थांनी अतिशय आदबीने चहा विचारला आणि साहेब आल्यावर दाखवतो म्हणाले. साहेब कधी येतात, यावर त्यांनी दिलेले उत्तर ‘तसे नक्की नसते’ असे होते, आणि तेवढ्यावर मी तरी या मॉलमध्ये गाळा घेणार नाही.